पैसे भरून पाणी नसलेल्या जागी का जायचं?

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

"माझं माहेर सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात. टँकरचा हॉर्न ऐकू आला की दप्तर टाकून घागर घेऊन पळायचं, असे आठ-दहा उन्हाळे मी काढलेत. नवरा पुण्याचा, ट्रेकिंगचं वेड असलेला. इथे आमचा तीन कुटुंबांचा ग्रुप आहे: सहा मोठे आणि सहा ते तेरा वर्षांची पाच मुलं. नाताळच्या सुट्टीत जोशुआ ट्री नॅशनल पार्कमधल्या जम्बो रॉक्स कॅम्पग्राउंडवर दोन साइट बुक केल्यात, दोन रात्रींसाठी. मला बुकिंग झाल्यावर कळलं. तिथे नळ नाही, वीज नाही, फोनला रेंज नाही, सगळं आपणच न्यायचं. मागच्या वर्षी समुद्रकाठी कॅम्पिंगला गेलो होतो. तिथे नळ होता, तरी आम्ही तिघी दोन दिवस स्वयंपाक आणि भांडी यातच होतो. मी 'मला नाही यायचं' म्हटलं, तर नवरा म्हणाला, 'तुझ्या डोक्यातून अजून गाव गेलं नाही.' मुलं म्हणाली, आई नेहमीच घाबरते. मला मात्र पैसे भरून पाणी नसलेल्या जागी राहणं म्हणजे गावाकडच्या माणसांची थट्टा वाटते. माझं चुकतंय का? आणि गेलेच, तर अकरा माणसांचं निभवायचं कसं?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे पाण्याबद्दल आहे. दुसऱ्यांदा 'मला बुकिंग झाल्यावर कळलं' या वाक्यापाशी अडले. जम्बो रॉक्सला नळ असता तरी हे पत्र आलंच असतं, असं मला वाटतं.

आधी तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर. नाही, तुमचं चुकत नाही. जिनं टँकरखाली घागर लावायला धक्काबुक्की सोसली, तिला पाण्याची टंचाई सहलीतली गंमत वाटली नाही तर त्यात भित्रेपणा कसला? नवऱ्यानं टोमणा मारला खरा, पण तुमच्या अकरा जणांत एका घागरीत काय काय भागतं आणि काय भागत नाही, हे हाताला माहीत असलेलं माणूस एकच आहे. गाव डोक्यातून गेलं नाही, हे या सहलीचं नशीबच.

आता एक गोष्ट विचारते, रागावू नका. दोन वेगवेगळे कोरडेपणा तुम्ही एकाच मापानं मोजताय का? जोशुआ ट्रीच्या परिसरात वर्षाला पाचेक इंच पाऊस पडतो. जत तालुक्याला आपण दुष्काळी म्हणतो, तरी तिथली सरासरी याच्या तिप्पट-चौपट भरते. वाळवंट कोरडं असतं कारण ते वाळवंट आहे. तिथली कासवं, कायोटी आणि ज्यांच्यावरून पार्कला नाव पडलं ती वेडीवाकडी झाडं त्याच बेतानं जगतात. तुमच्या गल्लीत टँकर यायचा तो धरण कुठे बांधलं, कालवा कुठवर आला आणि ऊस कुणाच्या रानात उभा राहिला, यामुळे. तो राग अगदी खरा आहे. पण त्याचा पत्ता जोशुआ ट्रीचं हे मोहावी वाळवंट नाही.

आणि या वाळवंटातही माणसं राहिली ती पाणी धरूनच. पार्कच्या उत्तर टोकाला ट्वेंटीनाइन पाम्स गावाजवळ मारा नावाचा झरा आहे, त्याच्या आसऱ्यानं सेरानो आणि चेमेह्वेवी लोक राहत. जम्बो रॉक्सच्या पुढे व्हाइट टँक म्हणून छोटं कॅम्पग्राउंड आहे. त्यातला 'टँक' म्हणजे गुरं राखणाऱ्यांनी खडकांत पावसाचं पाणी अडवायला केलेला साठा. तुम्हाला टँकर आठवेल, मलाही आठवला होता. आणि बार्कर डॅम तर जरूर बघा. १९००च्या सुमाराला गुरांसाठी बांधलेली ती भिंत पुढे आणखी उंच केली. आपल्याकडचा एखादा बंधाराच वाटतो, आणि आपल्या बंधाऱ्यांसारखाच तो पुष्कळदा कोरडाही असतो.

धोक्याचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टचा बेत असता तर मीही 'जाऊ नका' म्हटलं असतं. डिसेंबरअखेर तिथे दिवसा १५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि रात्री शून्याच्या जवळ, कधी खाली. जम्बो रॉक्सची उंची साधारण ४,४०० फूट, म्हणजे आपलं महाबळेश्वर. तेव्हा तुमची खरी गाठ तहानेपेक्षा थंडीशी आणि लवकर पडणाऱ्या अंधाराशी आहे. पावणेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. तंबू आणि चूल त्याआधी लागली नाही, तर डोक्याला टॉर्च बांधून कांदा चिरायची वेळ येते. गावही काही दिवसभराच्या अंतरावर नाही, ट्वेंटीनाइन पाम्स गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. पार्कात पेट्रोल मिळत नाही, तेव्हा टाकी बाहेरच भरून घ्यायची.

म्हणजे भीती बाजूला ठेवली तरी तुमची अडचण उरतेच. ती कामाची आहे.

इथे मी तुमच्या नवऱ्याच्या नाही, पण त्या नळ नसलेल्या जागेच्या बाजूनं बोलणार आहे. नळ असला की काम दिसत नाही. कुणीतरी उठतं, तोटी सोडतं, अकरा ताटं घासतं, परत येतं, तोवर बाकीचे शेकोटीशी गप्पा मारत असतात. नळ नसला की प्रत्येक तांब्याचा हिशेब आधी मांडावा लागतो, आणि हिशेब मांडायला बसलं की कोण काय करतं हेही कागदावर येतं. म्हणून माझा सल्ला असा: 'येते' किंवा 'येत नाही' हे आत्ताच सांगू नका. तिन्ही जोडप्यांनी एका संध्याकाळी बसायचं, आणि पाण्याचा कारभारी पुरुषांपैकी एक असेल, हे आधी ठरवायचं. पाणी आणणं, चढवणं, उतरवणं, वाटणं आणि शेवटच्या सकाळपर्यंत पुरवणं त्याच्याकडे. तुम्ही फक्त त्याचा हिशेब तपासायचा.

हिशेब मीच मांडून देते, म्हणजे वाद नको. प्यायला आणि रांधायला माणशी रोज एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर, हे किमान धरतात. उन्हाळ्यात किंवा दिवसभर चालणार असाल तर दुप्पट. अकरा माणसं, शुक्रवार दुपार ते रविवार दुपार हे तीन दिवसच धरा: १३२ लिटर. हात-तोंड आणि भांडी यांना ३० लिटर. गाडी रुतली, कुणाचं पोट बिघडलं, एक कॅन फुटला, यासाठी एका दिवसाचं जादा, ४४. झाले २०६ लिटर. पाच गॅलनच्या कॅनमध्ये १९ लिटर मावतं, म्हणजे अकरा कॅन, माणशी एक. वजन दोनशे किलोंवर, प्रत्येक गाडीत एक जादा माणूस बसल्यासारखं. सात गॅलनचे कॅन स्वस्त दिसतात, पण भरलेला एकट्यानं उचलवत नाही आणि कंबर धरते ती सहलीच्या पहिल्याच संध्याकाळी.

माझी स्वतःची फजिती सांगते. पहिल्यांदा गेलो तेव्हा चौघांचं सगळं पाणी दोन मोठ्या कॅनमध्ये भरलं होतं. डिकीत एक कॅन आडवा ठेवलेला. घाटात वळणं घेताना तोटी किंचित सैल झाली असणार. पोहोचून डिकी उघडली तर पांघरुणं चिंब, कॅन अर्धा, आणि खालच्या मॅटवर पाण्यात तरंगणारा पार्ले-जीचा पुडा. तेव्हापासून तोटी वर करून कॅन उभा, फडक्यात आवळून, आणि कुठल्याही एका गाडीत सगळं पाणी नाही.

हिवाळ्यात एक गंमत होते. थंडीमुळे तहान लागत नाही, पण हवा इतकी कोरडी असते की ओठ फाटतात आणि तिसऱ्या प्रहरी सगळ्यांची डोकी दुखू लागतात. डोकेदुखीची गोळी शोधण्याआधी बाटली बघायची. प्रत्येकाची नावाची बाटली असली की किती प्यायलं ते कळतं, आणि मुलांना ते मोजायला मजा येते.

आता स्वयंपाक. ग्रुपवर पहिला मेसेज 'पावभाजी करूया' असा येईल. करू द्यायची नाही. तव्याला आणि पातेल्याला चिकटलेलं लोणी निघायला जे पाणी लागतं, त्यात सकाळचा अकरा जणांचा चहा होतो. आणि तुम्हाला मी मेनू काय सुचवणार? कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, दशम्या, हे तुमच्याच भागातलं. जिथे पाण्याचा भरवसा नाही आणि प्रवास लांबचा, तिथलं खाणं. कडक भाकरीला ना पाणी लागतं ना फ्रीज, आणि शेकोटीपाशी ती बिस्किटासारखी लागते. सोबत घरून आमटी किंवा पिठलं दाटसर करून झिपलॉकच्या पिशव्यांत सपाट गोठवायचं. कूलरमध्ये तोच बर्फ. पहिल्या रात्री एक पिशवी, दुसऱ्या रात्री दुसरी, तिथे फक्त गरम करायचं. पिण्याच्या काही बाटल्याही गोठवून न्या, कूलर गार राहतो आणि वितळलं की तेच प्यायचं. भात-वरण लावायचं असेल तर कुकरमध्येच. त्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस मात्र संपतो.

भांड्यांसाठी एकच नियम: ज्याचं ताट त्यानं साफ करायचं. यात सहा वर्षांचं पोर आलं आणि तुमचा नवराही. आधी कागदानं पुसून घ्यायचं, मग साबणाच्या पाण्याचा स्प्रे, मग साध्या पाण्याचा स्प्रे, मग कोरडं फडकं. दोन स्प्रे बाटल्यांत अकरा ताटं होतात, मी केलीत. तुमच्या आईनं राखेनं भांडी घासून दोन तांब्यांत विसळली असतील, तोच हिशेब. उरलेलं खरकटं पाणी झुडपात ओतायचं नाही, बादलीत साठवून परत आणायचं. कचराही सगळा परत आणायचा.

मराठी ग्रुपवर कुणी विचारत नाही आणि सगळ्यांना हवं असतं, ते पण लिहिते. तिथे संडास आहेत, पण खड्ड्याचे. पाणी नाही, बेसिन नाही. हात धुवायला साइटवरच एक छोटा तोटीचा कॅन आणि साबण मांडून ठेवा. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड खड्ड्यात टाकायचे नाहीत. जाड कागदी पिशव्या न्या, त्या कचऱ्यासोबत परत येतील. तेरा वर्षांची मुलगी ग्रुपात असेल, तर तिच्या कानावर हे निघण्याआधीच घाला.

मुलांचं बोलायचं तर ते गुळगुळीत मोठमोठे खडक बघून ती चढणारच. चढणं सोपं असतं, उतरताना पाय लटपटतात. म्हणून 'जिथून स्वतः खाली येता येईल तिथवरच' असं सांगायचं आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी. सगळे खडक एकसारखे दिसतात, दोन वळणांत पोर कुठल्या बाजूनं आलं ते विसरतं. आणि एक जाड दातांचा कंगवा खिशात ठेवा. चोया नावाचं निवडुंग असतं, त्याचे गोळे नुसते घासले तरी हाताला चिकटतात. बोटांनी ओढलं तर बोटांत रुततं. कंगवा खाली सरकवून झटकायचं, उरलेले काटे चिमट्यानं. (मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवा की तेव्हा मधमाश्या पाण्याला टपलेल्या असतात. कॅनच्या तोटीचा एक थेंब गळत राहिला तरी तासाभरात थवा जमतो.)

सरपण तिथलं गोळा करायला बंदी आहे, वाळकी काडीसुद्धा. जळण विकत घेऊन जायचं आणि साइटवरच्या लोखंडी कड्यातच पेटवायचं. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. घरी कुणाला तरी साइट नंबर आणि 'रविवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर' असं लिहून द्या. स्वयंपूर्ण म्हणजे कुणालाही न सांगता जाणं, असा इथल्या पुष्कळ आपल्या पोरांचा समज आहे. तो मला अजिबात मान्य नाही.

हे सगळं वाचूनही तुम्हाला जावंसं वाटलं नाही तर? तर जाऊ नका. 'तुम्ही जा, मी दोन दिवस घरी आहे' हे पूर्ण वाक्य आहे, त्याला कारण जोडावं लागत नाही. फक्त एक करा: न जाता अकरा जणांचे डबे भरून देऊ नका. मग तुम्ही गेलातही नाही आणि सुटलातही नाही.

मधले मार्ग आहेत. त्याच पार्कात युक्का व्हॅलीच्या बाजूला ब्लॅक रॉक आणि दक्षिणेला कॉटनवुड, या दोन कॅम्पग्राउंडवर पिण्याचं पाणी आहे. नाताळात जागा मिळणं कठीण, पण लोक बुकिंग रद्द करतात, बघत राहावं. किंवा दोन रात्रींची एकच रात्र करा. किंवा नवरा आणि मुलं तंबूत, तुम्ही ट्वेंटीनाइन पाम्सच्या मोटेलात, सकाळी चहाला तिकडे. यात कमीपणा नाही, पण खरं सांगते, मला हा मार्ग फारसा आवडत नाही. रात्रीच्या आकाशासाठीच तर तिथे जायचं असतं. गावात अंगणात झोपताना दिसायचं तसं मृग नक्षत्र, कृत्तिका, मागून वर येणारा व्याध, ऑरेंज काउंटीत तुम्हाला किती वर्षांत दिसलंय?

तुमच्या जागी मी असते तर गेले असते, पण बैठक झाल्यावर, कामाची वाटणी कागदावर आल्यावर. आणि बुकिंग न विचारता झालं, हे नवऱ्याला त्या बैठकीत नव्हे, त्याआधी दोघंच असताना सांगितलं असतं. चारचौघांत तो चेष्टेवर नेईल.

मुलांना टँकरच्या गोष्टी शिकवण म्हणून सांगायला जाऊ नका. आईबापांचं दारिद्र्य हा मुलांना व्याख्यानाचा विषय वाटतो. त्यांच्यापैकी एकाला कारभाऱ्याच्या हाताखाली दिलं आणि रोज रात्री किती कॅन उरले ते वहीत लिहायला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ते आपणहून विचारेल, तुमच्याकडे किती यायचं, किती जण होतात. तेव्हा सांगा.

आणि एक शेवटचं. रात्री झोपण्याआधी सकाळच्या चहाचं पाणी कॅनमधून पातेल्यात काढून, झाकण घालून शेगडीवर ठेवायचं. पहाटे कॅनची तोटी गोठलेली असते, आणि थंडीत कुडकुडत ती फुंकून मोकळी करायला कुणीच उठत नाही. तुमच्या घरी रात्रीच हंडा भरून ठेवायची सवय असणार, तुम्हाला हे सांगायला नको. कारभाऱ्याला सांगा.